उसवबाईंची पहिली ओळ

माझं लोकरीचं दुकान आहे आणि मला विणता येत नाही. हे ऐकून लोक हसतात. हसू देत. औषधं विकणाऱ्याला काय रोज ताप येतो? लोकर मी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखते. कुठली धुतल्यावर आटेल, कुठली मानेला टोचेल, कुठली दिसायला गरीब पण वर्षानुवर्षं टिकेल, सगळं सांगते. फक्त सुई हातात दिली की माझी बोटं एकमेकांशी भांडायला लागतात. उसवबाई याच्या साक्षीदार.

उसवबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. शिकायला येणाऱ्या बायकांनी त्यांच्या माघारी ठेवलेलं ते नाव, पण हळूहळू इतकं रुळलं की त्यांच्या तोंडावरही निघून जायचं आणि त्याही ओ द्यायच्या. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्या क्रोशा शिकवायच्या. एक लांब टेबल, सगळ्या वेगवेगळ्या घरांतून आलेल्या खुर्च्या, रस्त्याकडे उघडणारी खिडकी आणि भिंतीला टेकून रचलेली लोकरीची खोकी, एवढंच खोलीचं वैभव. सासूबाईंनी दुकान माझ्या हाती दिलं तेव्हा किल्ल्यांबरोबर बाईही दिल्या असं मी म्हणायचे. "या खोलीचं भाडं मागू नकोस," सासूबाई म्हणाल्या होत्या, "त्या बसल्यात म्हणून लोकर खपते."

कुणाचं काही चुकलं की बाई दोन बोटांनी धाग्याचं टोक धरायच्या आणि सुर्रकन ओढायच्या. तासाभराची मेहनत टेबलावर नुसता कुरळा धागा होऊन पडायची. "पुन्हा," एवढंच म्हणायच्या. ना राग, ना कीव. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेली एक बाई यायची, तिचा एकदा तोल सुटला. "मी घरीदारी कुणाचं ऐकून घेत नाही," ती म्हणाली. "मग इथे सवय करा," बाई म्हणाल्या, आणि तिचंही उसवलं. तीच बँकवाली पुढे कितीतरी वर्षं येत राहिली.

मीही एकदा शिकायला बसले होते. बाईंनी माझं इतक्यांदा उसवलं की मी सुई आपटली आणि म्हटलं, "मला नाही जमायचं." बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू लोकर वीक. तेही कुणीतरी करायला हवंच." झालं, माझं शिक्षण संपलं. काउंटरवर परतले तेव्हा गिऱ्हाईक खोळंबलेलंच होतं.

क्रोशाचं काम ज्यांना माहीत नाही त्यांना एवढं सांगते. टोकाला आकडी असलेली एकच सुई आणि एकच धागा. आधी धाग्याचा फास करून त्यातून साखळी काढत न्यायची, मग त्या साखळीच्या एकेका कडीत सुई घालून वर खांब उभे करायचे. साखळी आणि तिच्यावरची पहिली ओळ, हीच खरी कटकट. हातात धरायला काही नसतं. साखळी पिळते, कड्या सापडत नाहीत, घामाने धागा बोटाला चिकटतो. एकदा ती ओळ झाली की हातात कापडाची पट्टी येते आणि पट्टी धरून कुणीही पुढे जातं.

म्हणून बाईंची एक रीत होती. नव्या बाईला पहिली ओळ त्या स्वतः घालून द्यायच्या. आदल्या दिवशी घरी बसून जितक्या शिकणाऱ्या तितक्या पट्ट्या तयार करायच्या आणि वर्गात प्रत्येकीच्या हातात एकेक द्यायच्या. "सुरुवातीलाच हरली तर परत येत नाही," त्या म्हणायच्या, "आधी गोडी लागू दे, सुरुवात काय, नंतर शिकता येते." पण नंतर कोण शिकतंय? मुरलेल्या बायकाही नवीन शाल धरायची म्हटलं की माझ्या दुकानात हजर. "बाई, तेवढी पहिली ओळ घालून द्या ना." बाई खिडकीशी बसून बोलता बोलता घालून द्यायच्या. बायका ओळीसाठी यायच्या आणि जाताना लोकर घेऊन जायच्या. माझं बरं चाललं होतं, मी कशाला बोलते?

मग बाईंचा हात कापायला लागला. आधी बशीत कप वाजायचा. आम्हाला वाटलं, वय झालं. एका दुपारी वर्ग सुटल्यावर त्या खुर्चीतून उठल्याच नाहीत. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत गेले.

"डॉक्टर म्हणतात, कंपवात आहे," त्या म्हणाल्या. "वाढत जाणार."

"गोळ्या असतील ना त्याला?"

"आहेत. गोळी घेतली की थोडा वेळ बरं असतं. मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या." त्यांनी हात टेबलावर ठेवला. अंगठा आपला आपण हलत होता, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा आहे. "मरणाचं मला काही नाही गं. पण हात आधी जाणार आणि मी मागे राहणार. तेवढा वेळ मी काय करू? शिकवू कशी?"

बाईंना मूलबाळ नव्हतं, यजमान जाऊन बराच काळ लोटला होता. घरी एक भाची होती, बहिणीची मुलगी, नोकरीसाठी म्हणून राहायला आली ती राहिलीच. ती कुठल्याशा कंपनीत दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांच्या तक्रारी ऐकायची. पोरगी गुणी, फक्त क्रोशाचं नाव काढलं की पळायची. युक्ती तिचीच. "मावशी, तुझे हात चालतायत तोवर व्हिडिओ करून ठेवू. नवशिक्यांसाठी ऑनलाइन कोर्स. मग हात थांबले तरी तू शिकवत राहशील." हे शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं होतं, पण बाईंनी ते गाठीला बांधलं. त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात दुसरं काही नव्हतं.

अट एकच घातली. कोर्स नुसता फोनवर मिळणार नाही, लोकरीच्या दुकानातूनच मिळेल. "लोकर हातात घेतल्याशिवाय शिकायला बसू नये. आणि अडलं तर विचारायला दार हवं." मला हे फार पटलं. माझ्या दुकानात येणारी पावलं कमी झाली होती, खोटं कशाला बोलू. पाकीट ठरलं: एक मध्यम सुई, फिक्या रंगाच्या लोकरीचे दोन गुंडे, कारण गडद रंगात नवशिक्याला कडी दिसत नाही, आणि एक कार्ड. कार्डावरचा कोड फोनने टिपला की कोर्स उघडायचा. माझ्याखेरीज आणखी दोन दुकानं तयार झाली. एक बाजारातलं दोघा भावांचं, बटणं-दोरे-लोकर असं सगळं विकणारं, आणि एक पुलापलीकडचं नवं, एका चष्मेवाल्या मुलीचं. तिच्या दुकानात लोकर फळांसारखी टोपल्यांत मांडलेली असायची. मी नाक मुरडायचे, पण मुलगी सरळ होती.

व्हिडिओ मागच्या खोलीतच झाले. लोकरीच्या खोक्यांवर खोकी रचून वरून फोन टांगला, खाली बाईंचे हात. चेहरा दिसत नव्हता, नुसते हात आणि आवाज. गोळी लागू पडली की तेवढ्या वेळात भाची भराभर टिपून घ्यायची. अंगठा हलायला लागला की बाई स्वतःच म्हणायच्या, "बंद कर." मग पुढची गोळी, पुढचा भाग. मी बाहेर गिऱ्हाइकांना गप्प बसवत होते. एक आजोबा जोरात शिंकले तर त्यांच्याकडे मी असं बघितलं की ते लोकर न घेताच गेले.

सगळं झाल्यावर भाचीने दाखवलं. काय सांगू. पडद्यावर ते हात जराही कापत नव्हते. सुई आत जात होती, धागा घेऊन बाहेर येत होती, आणि वर बाईंचा तो कोरडा आवाज: "चुकलं असेल तर लाज वाटून घेऊ नका. उसवा. पुन्हा." मी रडले. मला वाटलं, आता काही का होईना, हे वाचलं. बाई मात्र गालातल्या गालात हसत होत्या आणि त्यांचे खरे हात मांडीवर थरथरत होते.

पाकिटं चांगली उचलली गेली. दवाखान्यातल्या एका नर्सने घेतलं, एका निवृत्त ड्रायव्हरने घेतलं, मुलगी परगावी गेल्यापासून घर खायला उठतं म्हणणाऱ्या एका आईने घेतलं. आम्ही दारात कुणी शंका विचारायला येतंय का म्हणून वाट बघत होतो. आधी आली ती नर्स. पिशवीतून तिने लोकरीचा असा काही गुंता काढला की मांजरही लाजेल.

"मला सुरुवातच सापडत नाहीये," ती म्हणाली.

"पहिल्या भागात असेल की. नीट बघितलं नसेल तुम्ही."

"किती वेळा बघितलं हो. पहिल्याच भागात बाई म्हणतात, पट्टी डाव्या हातात अशी धरा. कुठली पट्टी?"

मी तिलाच दोन शब्द सुनावले आणि परत पाठवलं. मग भावांपैकी थोरल्याचा फोन आला, त्यांच्याकडेही हीच तक्रार. दुसऱ्या दिवशी चष्मेवाली स्वतः आली. "काकू, तुम्ही पहिला भाग बघितलाय ना?" तिने विचारलं. बघितला होता. पण मी बघितले होते बाईंचे हात. बाई मागच्या खोलीतच होत्या. भाचीला सुट्टी होती. आम्ही चौघी टेबलाभोवती बसलो आणि फोन मध्ये ठेवला.

पडद्यावर बाईंचे हात आले. त्या हातांत पट्टी होती. पहिली ओळ घातलेली, सुबक, सरळ. "नमस्कार. पट्टी डाव्या हातात अशी धरा," आवाज म्हणाला.

उभ्या जन्मात बाईंनी शिकवायला सुरुवात केली ती पट्टी हातात देऊनच. त्यांच्या लेखी धडा तिथूनच सुरू व्हायचा. ओळ घालणं हा धडा नव्हताच, ती घरची तयारी होती, वर्गाआधी टेबल पुसावं तशी. भाचीला त्यातलं काही कळत नव्हतं आणि मला तर त्याहून नाही. आम्ही घर बांधलं, रंगवलं आणि दार ठेवायला विसरलो.

"अगं बाई," बाई हळूच म्हणाल्या. "ती मी घरून घालून आणली होती."

त्यांचा चेहरा मला बघवेना. मी चहा ठेवायला उठले.

भाची म्हणाली, एवढंच ना, सुरुवातीचा एक भाग आता करू. पण मधल्या काळात दुखणं पुढे सरकलं होतं. आणि गंमत बघा, असल्या गोष्टीला गंमत म्हणायचं तर. हातात पट्टी असेल तर बाई अजूनही विणू शकत होत्या. कापडाचा आधार असायचा, थरथर त्यात जिरून जायची. मोकळ्या धाग्याला कसला आधार? फास करायला जावं तर तो बोटावरून उडायचा. सुई धाग्याच्या शेजारून निघून जायची. नेमकी जी ओळ दाखवायची होती तीच हाताने सोडून दिली होती. कितीतरी दुपारी आम्ही खोकी रचली आणि उतरवली. "मावशी, पुन्हा एकदा," भाची म्हणायची. एका दुपारी हे ऐकून बाईंनी मान वर केली. हा शब्द आजवर त्यांचा होता, तो त्यांच्याकडे परत आलेला त्यांना आवडला नाही. त्या उठून बाहेर गेल्या आणि काउंटरपाशी उगाच गुंडे लावत बसल्या.

चष्मेवाली पुलावरून मुद्दाम आली. "बाई, माझे हात टिपू या का? मला सुरुवात येते, मी फोनवर बघूनच शिकलेय." बाईंनी तिला ओळ घालायला लावली. तिने घातली. बाईंनी अंगठ्याने चाचपली, टोक धरलं आणि ओढलं. "घट्ट आहे. दुसऱ्या ओळीची सुई शिरणार नाही." तिने पुन्हा घातली. "आता सैल." पुन्हा ओढली. ओढण्यापुरता हात बरोबर चालत होता! मुलीने चष्मा काढून पुसला. "बाई, नवशिक्यांना एवढा फरक कळत नाही हो."

"मला कळतो," बाई म्हणाल्या.

मुलगी गेली. माझं डोकं फिरलं. "बाई, हा नुसता हट्ट आहे. तिचे हात घेतले असते तर काय बिघडलं असतं?"

"माझ्या शिकवणीत वाकडी सुरुवात नको."

"मग बिनसुरुवातीचीच राहू दे!" मी म्हटलं. खरं तेच बोलले. आमच्यात दोन दिवस अबोला होता.

बँकवालीला निरोप धाडला. ती आली, सुई हातात घेतली आणि कानकोंडी झाली. "मला कुठे येते बाई? तुम्हीच तर घालून द्यायच्या." अशा आणखी कितीजणी. शाली, स्वेटर, पडदे, बाळांची दुपटी, गाव भरून जाईल एवढं बाईंनी शिकवून ठेवलं होतं आणि सुरुवात एकीलाही येत नव्हती. बाई त्या प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी यांना शिकवलंच नाही." मी म्हटलं, असं काय बोलता. पण ते तसंच होतं.

भावांनी उरलेली पाकिटं खोक्यात घालून परत पाठवली, वर फोन करून वाईटही वाटून घेतलं. चष्मेवालीने कार्डं काढून ठेवली आणि लोकर सुटी विकली. तिला कोण बोल लावणार? शिकणारे तसेही फोनवर कुणाकुणाचं फुकट बघून शिकत होते. आमचा कोर्स तिथेच कुठेतरी आहे अजून. उघडतो, चालतो, कुणी बघत नाही. मागच्या खोलीत मी खोकी पसरली. खुर्च्या एकावर एक चढवून कोपऱ्यात लावल्या.

बाई आता घरीच असतात. खिडकीशी खुर्ची, पायांवर पांघरूण, शेजारी स्टुलावर पाण्याचा पेला, त्यात नळी. आवाजही बारीक झालाय, कान जवळ न्यावा लागतो. भाची कामावर असते म्हणून दुपारी दुकान बंद करून मी जाऊन बसते. व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली, हाताला काहीतरी सवयीचं द्या, नुसते ठेवू नका. भाचीने सुटीच्या दिवशी तोच कोर्स लावून फोन त्यांच्यासमोर ठेवला. "पट्टी डाव्या हातात अशी धरा," त्यांचाच जुना, ठणठणीत आवाज म्हणाला. आणि बाईंनी डावा हात पुढे केला. रिकामा. तसाच धरून राहिल्या, कुणीतरी देईल म्हणून.

भाची स्वयंपाकघरात निघून गेली. तो हात मी खाली ठेवला.

घरात बाईंनी विणलेलं चिक्कार होतं, पण सगळं पुरं झालेलं, टोकं आत शिवून टाकलेली. अर्धवट त्या काही ठेवायच्याच नाहीत. एखादी शाल पहिल्या ओळीपर्यंत उसवली असती तर काम झालं असतं. भाचीने एक काढलीही. तिने टोक शोधलं, मी कात्री आणली, आणि दोघींनी एकमेकींकडे बघितलं. उसवबाईंचं काम उसवायला आमचा हात धजला नाही. शाल घडी करून परत ठेवली.

चष्मेवालीकडे ओळ मागायला तोंड नव्हतं, तिची दोनदा उसवून झाली होती. तेव्हा परत आलेल्या पाकिटांतलं एक मी फोडलं. गिऱ्हाईक नसताना काउंटरखाली फोन ठेवून बसायला लागले. कुठल्या देशातली कोण जाणे, नखं रंगवलेली एक मुलगी तिच्या भाषेत बडबडत फास कसा करायचा ते दाखवायची. भाषा कळत नव्हती, बोटं कळत होती. माझी बोटं भांडली. मी उसवलं. पुन्हा घातलं. गिऱ्हाइकं म्हणाली, "काकू, आता या वयात?" त्यांना म्हटलं, "तुम्हाला काय हवंय ते बोला." कितीतरी दिवसांनी एक ओळ झाली. वाकडी होती. एका टोकाला आवळलेली, दुसऱ्या टोकाला ढगळ, मध्ये कड्या सुटलेल्या. ती तशीच नेली. धाग्याचं टोक मात्र मुद्दाम लांब ठेवलं, बाईंच्या बोटांना सापडावं म्हणून. त्या ओढणार, ‘पुन्हा’ म्हणणार, मी तिथेच बसून पुन्हा घालणार, असं माझ्या मनात होतं. जन्मभर ज्या शब्दाला घाबरून पळाले तो ऐकायला मी चक्क घाईघाईने चालत गेले.

भाचीने कोर्स लावून दिला होता. पट्टी डाव्या हातात अशी धरा. मी माझी ओळ त्यांच्या डाव्या हातात दिली.

बाईंनी ती डोळ्यांजवळ नेली. अंगठा तिच्यावरून फिरला, सावकाश, अडखळत. घट्ट जागी थांबला. सुटलेल्या कड्यांपाशी थांबला.

"कुणी घातली?" त्यांनी विचारलं. मी कान जवळ नेला होता.

"मी."

त्या हसल्या. "छान आहे."

"बाई, नीट बघा. इथे आवळलीय. आणि या बघा, कड्या सुटल्यात."

"छान आहे गं," त्या म्हणाल्या. ओळ मांडीवर ठेवली, तिच्यावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. सुई मी पुढे केलेली तशीच राहिली.

फोनमधून त्यांचा आवाज येतच होता, चुकलं असेल तर लाज वाटून घेऊ नका, उसवा, पुन्हा. मी ते लांब टोक उचललं आणि त्यांच्या बोटांत दिलं. बोटं मिटून धरली, अशी. मग माझा हात काढून घेतला.

त्यांनी टोक सोडून दिलं.